ऑफिसमधले शेअर्ड कीबोर्ड, माऊस, हेडसेट सॅनिटायझरने पुसले तर चालतात का?

हातावरचं जेल सॅनिटायझर नको. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते बटणांवर चिकट थर ठेवतं आणि मुंबईच्या दमट हवेत त्यावर धूळ आणखीच बसते. केमिस्टकडून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. ९९ टक्केवालं जास्त कडक म्हणून चांगलं, असं वाटतं खरं, पण ते चटकन उडून जातं. ७० टक्क्यांतलं पाणी त्याला पृष्ठभागावर थोडं टिकवतं आणि जंतूंमधली प्रथिनं मोडायलाही मदत करतं.

आधी मशीन बंद करून प्लग काढा. कीबोर्ड उलटा करून झटका (वडापावचा चुरा निघेलच), मग मायक्रोफायबर कापड ओलसर करून पुसा. स्प्रे कापडावर मारायचा, मशीनवर कधीच नाही. आणि पुसल्या पुसल्या कोरडं करू नका; लेबलवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहिला तरच जंतू मरतात. घाईत सगळे नेमके इथेच चुकतात.

मॉनिटरला अल्कोहोल लावण्याआधी कंपनीच्या सूचना बघा, कोटिंग जाऊ शकतं. ब्लीच आणि अमोनियावाले काचेचे स्प्रे स्क्रीनपासून लांबच.

हेडसेटचे फोमचे कुशन पुसून नीट साफ होत नाहीत, ते ज्याचे त्याला वेगळे द्या. हजेरीचं बोटाचं मशीन मात्र रोज पुसा. लोकलचा दांडा धरून आलेलं प्रत्येक बोट तिथेच टेकतं. पावसाळ्यात सगळं पूर्ण सुकल्याशिवाय प्लग लावू नका.