आईचा चार वाजताचा फोन

गेल्या काही वर्षांत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की समोरच्याने ‘मॅडम, कळतं सगळं’ एवढे म्हटले की पुढचे ‘पण वळत नाही’ मी मनातल्या मनात पूर्ण करून टाकते. बोलणारी व्यक्ती बहुधा दिवसाचे आठ-दहा तास संगणकासमोर बसणारी असते. मान अवघडलेली असते, कंबर कुरकुरू लागलेली असते, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हकिगतीत कुठेतरी एक आई असते, जी हे सगळे आधीपासून सांगत होती. माहितीचा तुटवडा कोणालाच नसतो. मग घोडे अडते कुठे, याचे मला सर्वांत समाधानकारक वाटलेले उत्तर ज्या बाईंच्या निमित्ताने सापडले, त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे सांगते.

वय ३६, काम हिशेब तपासणीचे. मात्र माझ्याकडे त्या पाठदुखीसाठी आल्याच नव्हत्या. त्या आल्या होत्या आईची तक्रार घेऊन.

“रोज चार वाजता फोन. पाणी प्यायलीस का, जागेवरून उठलीस का, अशी बसून राहिलीस तर खुर्चीला मुळं फुटतील. मॅडम, माझ्या हाताखाली नऊ माणसं काम करतात!”

“आणि फोन ठेवल्यावर तुम्ही उठता का?”

“नाही. मुद्दाम उठत नाही.”

स्वतःचे उत्तर ऐकून त्यांनाच हसू आले. या हट्टात जगावेगळे काही नाही. आपले स्वातंत्र्य कोणी काढून घेत आहे असे वाटले की माणूस ते परत मिळवण्यासाठी नेमके उलट वागतो, हे जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये सविस्तर मांडले होते. तक्रार ज्या खुर्चीविषयी होती, तिथेच बसून राहणे हे या बाईंचे बंड होते आणि त्याची किंमत त्यांची स्वतःची मान मोजत होती.

पुढच्या बोलण्यात उजव्या हाताच्या बोटांना अधूनमधून मुंग्या येतात असे त्या सहज बोलून गेल्या, तेव्हा मी आधी डॉक्टरांची भेट घ्यायला सांगितले. हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, एकाच पायावर आलेली सूज, श्रम करताना छातीत येणारी जडशीळ कळ, या गोष्टी समुपदेशकाच्या खोलीत बोलून सोडवायच्या नसतात. सुदैवाने तपासणीत गंभीर काही निघाले नाही. मनगट वाकडे ठेवून तासन्‌तास टंकन करण्याची सवय बदला आणि हालचाल वाढवा, असे सांगून डॉक्टरांनी त्यांना परत पाठवले.

हालचाल वाढवण्याचे प्रयत्न त्यांनी याआधी केले नव्हते असे नाही. तीन वेळा केले होते, आणि तिन्ही वेळा रोज सकाळी एक तास, अशी कडक शपथ घेऊन. सर्वांत दीर्घ प्रयत्न ११ दिवस टिकला. बाराव्या दिवशी एका तातडीच्या कामामुळे व्यायाम चुकला आणि तेराव्या दिवशी त्यांनी बूट कपाटात ठेवून दिले. कारण विचारले तर म्हणाल्या, “करायचं तर नीटच करायला हवं. नाहीतर कशाला?”

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भरवसा आहे, हे मी लपवत नाही. माणसाला घटनेपेक्षा घटनेबद्दलचा हट्ट अधिक छळतो, हा तिचा गाभा. मराठीत तो सांगायला मला एकच अक्षर पुरते. ‘नीट करायला हवं’ ही इच्छा झाली. ‘नीटच करायला हवं’ हा हुकूम झाला. या ‘च’ने आजवर जितके बूट कपाटात धाडले आहेत, तितके आळसाने धाडले नसावेत, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते. तरी हे तेव्हाच बोलून दाखवण्याचा मोह मी आवरला. त्यांना उपदेश करणारे एक माणूस आधीच होते.

चौथ्या भेटीत मी त्यांना आईची नेहमीची वाक्ये कागदावर लिहायला सांगितली. स्वर वगळून, नुसते शब्द. सात वाक्ये झाली. त्यांतली तीन मी अधोरेखित केली: ‘किती वेळ बसलीस?’, ‘हाताला जरा विसावा दे’ आणि ‘जिवाला इतकं लावून घेऊ नकोस’. मग त्यांना बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याबद्दल सांगितले. निरनिराळ्या कामगारांच्या आजारांचा अभ्यास करताना, १७१३ मध्ये त्याने लेखनिकांच्या दुखण्यांची कारणे नोंदवली, तीही तीनच होती: सततची बैठक, हाताची एकाच प्रकारची अविरत हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण.

“म्हणजे माझी आई तीनशे वर्षं जुनी आहे,” त्या म्हणाल्या.

“किती वर्षं सांगताहेत त्या हे?”

“मला नोकरी लागल्यापासून. चौदा.”

“आणि त्यातलं तुम्ही किती वेळा ऐकलंत?”

“खरं सांगू? जवळजवळ कधीच नाही.”

“म्हणजे चौदा वर्षं त्या रोज अपयशी ठरताहेत. उद्या चार वाजता फोन येईल?”

“येणारच.”

“तुमचा व्यायाम एका चुकलेल्या दिवसात बंद पडला.”

यानंतरची शांतता मला अजून आठवते. त्यांनी तो कागद उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग हसू लागल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. “तिला कधी लाज वाटली नाही,” त्या हळूच म्हणाल्या, “काल मी ऐकलं नाही म्हणून आज सांगू नये, असं तिला वाटलंच नाही.”

माझ्या कामात अशी वाक्ये रोज मिळत नाहीत. तोपर्यंत मीही आईच्या शहाणपणाचा अर्थ तिच्या सल्ल्यात शोधत होते, आणि सल्ला तर सगळ्यांकडेच असतो. आईजवळ जे असते आणि तिच्या कर्तबगार लेकीजवळ नसते, ते म्हणजे कालचा हिशेब न मांडता आज पुन्हा सुरुवात करण्याची सवय. दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या या बाई स्वतःच्या शरीराशी मात्र असे वागत होत्या, की एक नोंद चुकली तर सगळी वहीच फाडून टाकावी. हे त्यांना मी समजावून सांगितले असते तर त्यांनी मान डोलावून सोडून दिले असते; ते त्यांच्या तोंडून आले म्हणून रुजले. प्रश्न योग्य क्षणी विचारला गेला, याचे थोडे श्रेय मी घेते.

पुढचा मार्ग त्यानंतर सोपा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. किमान आकडा धरला तर दिवसाला साधारण २२ मिनिटे होतात. आधीच्या सूचनांत व्यायामाचा प्रत्येक तुकडा निदान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती, ती या वेळी काढून टाकली गेली. ‘च’ने गांजलेल्या माणसाला यापेक्षा दिलासा देणारी बातमी नसेल. लंडनमधल्या दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा जेरी मॉरिस यांनी केलेला आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही मी त्यांना सांगितला: दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले होते. वाहक काही पहाटे उठून शपथा घेत नव्हते. त्यांचे कामच त्यांना हलवत होते.

म्हणून आम्ही नवा कार्यक्रम आखलाच नाही. चार वाजताचा फोन आयता होता. तो वाजला की उभे राहायचे आणि बोलणे संपेपर्यंत चालायचे, एवढेच ठरले. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतले रक्त वर ढकलतात, तेवढा वेळ मानेलाही पडद्यासमोरच्या ठरावीक कोनातून सुटका मिळते. इतर गोष्टी आईच्याच कागदावरून एकेक करून आल्या. पाण्याचा मोठा तांब्या मेजावर भरून ठेवण्याऐवजी त्यांनी लहान पेला ठेवला, कारण तो भरण्यासाठी उठावे लागते. ‘डोळ्यांना जरा लांबचं दाखव’ या वाक्याला नेत्रतज्ज्ञांचाही पाठिंबा आहे: पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवर नजर टाकावी असे ते सुचवतात. जेवणानंतरच्या थोड्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि कोपर साधारण काटकोनात, एवढी मांडामांड त्यांनी एका दुपारी केली. दिवसभर उभे राहून काम करण्याच्या मेजाचीही चौकशी त्यांनी केली होती. पण सतत उभे राहण्यानेही पाय आणि पाठ दुखते, त्यामुळे आसन बदलत राहणे महत्त्वाचे, असे माझे मत मी सांगितले.

सहाव्या भेटीत त्या एक बातमी घेऊन आल्या. चालता चालता त्यांनी आईला विचारले होते, हे सगळे तुला शिकवले कोणी? “शिकवायला कशाला हवं? तीस वर्षं टायपिंग केलंय मी. ही कंबर काय उगाच दुखते?” आईची नोकरी लेकीला अर्थातच माहीत होती, पण त्या नोकरीतली खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर कधी आली नव्हती. माझ्याही आली नव्हती. चार वाजता फोन करणारी आई म्हणजे कचेरीचा उंबरठा न ओलांडलेली बाई, हे चित्र मी विचारपूस न करता रंगवून मोकळी झाले होते. माझ्या टिपणवहीत त्या पानावर तेव्हापासून एक ठळक फुली आहे.

हे वाचणाऱ्या आयांना एक विनंती, तीही जपून: जे सांगता ते सांगत राहा, फक्त ‘मी तेव्हाच म्हणत होते’ एवढे गाळा. सल्ला झिरपतो तो त्या वाक्याशिवाय.

तीन महिन्यांनी मानेचे दुखणे बरेच कमी झाले होते, बोटांच्या मुंग्या थांबल्या होत्या, वजन जवळपास तेवढेच होते. कामाच्या गर्दीत मधले नऊ दिवस चालणे पूर्ण बंद पडले होते. दहाव्या दिवशी फोन वाजला आणि त्या उठल्या, असे त्यांनी कसलीही कबुली दिल्याचा आव न आणता सांगितले.

शेवटची भेट दुपारी होती. चार वाजले, फोन थरथरला, आणि माझी परवानगी घ्यायच्या आधीच त्या उभ्या राहून खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. दोन मिनिटे बोलून झाल्यावर फोन किंचित बाजूला धरून त्या म्हणाल्या, “मॅडम, आई विचारतेय, त्या बाईसुद्धा दिवसभर बसूनच असतात ना?”

मी सलग तिसऱ्या तासाला त्याच खुर्चीत होते.