टोरंटोजवळ पहिलं घर: साडेपाच लाखांचा काँडो घ्यावा की साडेसात लाखांचं टाउनहाउस?

प्रश्न थोडक्यात असा: दोघंही नोकरी करता, पीआर झालंय, मिसिसॉगात भाड्याने राहता. स्क्वेअर वन मॉलजवळ दोन बेडरूमचा काँडो (इमारतीतला फ्लॅट) साडेपाच लाख डॉलरला मिळतोय, मेंटेनन्सची फी महिना ७००. मिल्टनमध्ये तीन बेडरूमचं टाउनहाउस साडेसात लाखांना. आई-बाबा सुपर व्हिसावर, म्हणजे पालकांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, येऊन राहणार आहेत.

आधी एजंटकडून हे लेखी घ्या की टाउनहाउस फ्रीहोल्ड आहे, काँडो टाउनहाउस आहे की पॉटल. जाहिरातीत तिन्ही 'टाउनहाउस'च असतात. फ्रीहोल्डमध्ये जमीन, छप्पर, कुंपण तुमचं आणि खर्चही तुमचाच. काँडो टाउनहाउसमध्ये छप्पर, आतले रस्ते, बर्फ काढणं बहुधा काँडो कॉर्पोरेशनकडे (म्हणजे मालकांच्या सोसायटीकडे), आणि त्याची दरमहा फी. पॉटलमध्ये घर-जमीन तुमची, पण आतला खासगी रस्ता सगळ्यांचा, म्हणून थोडी फी. तुम्ही फी लिहिली नाही, म्हणून मी फ्रीहोल्ड धरून चालतो.

आता पैसे. कमीत कमी डाउन पेमेंट पहिल्या ५ लाखांवर ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर १० टक्के. म्हणजे काँडोला ३०,००० आणि टाउनहाउसला ५०,०००. इतकं कमी भरलंत की ४ टक्के मॉर्गेज इन्शुरन्स कर्जात मिळवला जातो. टाउनहाउसला तो २८,००० होतो. त्या प्रीमियमवरचा ८ टक्के विक्रीकर मात्र कर्जात जात नाही, क्लोजिंगच्या दिवशी, म्हणजे घर ताब्यात येतं त्या दिवशी, स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो: २,२४०. हा आकडा बऱ्याच जणांना शेवटच्या आठवड्यात वकिलाकडून कळतो.

साडेचार टक्के व्याज आणि २५ वर्षं धरली तर हप्ता काँडोचा साधारण ३,००० आणि टाउनहाउसचा ४,०३० बसतो. फरक हजाराचा. काँडोची फी मिळवली की तो सव्वातीनशे-साडेतीनशेवर येतो, आणि इथेच लोक म्हणतात, मग टाउनहाउसच बरं. पण त्या फीमध्ये इमारतीचा विमा, लिफ्ट, छप्पर आणि बऱ्याचदा पाणी-हीटिंगही असतं. फ्रीहोल्डवाल्याने महिना निदान ४०० डॉलर स्वतःच बाजूला काढायला हवेत. छपरावरचे शिंगल्स १५ ते २५ वर्षं टिकतात, घर गरम ठेवणारी फर्नेस १५ ते २०, एसी त्याहून कमी. २००५ च्या सुमाराचं घर असेल आणि यातलं काहीच बदललेलं नसेल, तर ही सगळी बिलं तुमच्याच वाट्याला येणार. वॉटर हीटर भाड्याचा आहे का तेही विचारा. ते कंत्राट घराबरोबर तुमच्या गळ्यात पडतं.

फीचा दुसरा परिणाम बँकेत दिसतो. कर्ज किती मिळेल हे ठरवताना काँडो फीची अर्धी रक्कम तुमच्या खर्चात धरतात. ७०० ची फी म्हणजे ३५० चा हप्ता आधीच गेला, आणि स्ट्रेस टेस्टच्या दराने (कर्ज झेपेल का हे तपासायला बँक धरते त्या चढ्या व्याजदराने) मोजलं तर तेवढ्यात सुमारे ५०,००० डॉलरचं कर्ज बसलं असतं. त्यामुळे दोन्ही घरांचं प्रीअप्रूव्हल (कर्जाची आगाऊ मंजुरी) वेगवेगळं मागा.

लँड ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे घर नावावर होताना ओंटारिओ प्रांताला द्यायचा कर, काँडोला ७,४७५ आणि टाउनहाउसला ११,४७५. पहिलं घर असेल तर यातून ४,००० पर्यंत परत मिळतात. मिसिसॉगा आणि मिल्टनमध्ये एवढंच. टोरंटो शहरात घेतलं असतं तर शहराचा वेगळा टॅक्सही लागला असता. आता नीट वाचा: ओंटारिओच्या या सवलतीसाठी जगात कुठेही, कधीही तुमच्या नावावर घर किंवा घराचा हिस्सा असता कामा नये. बाबांनी पुण्याचा फ्लॅट घेताना इंडेक्स टूवर तुमचं नाव घातलं असेल, तर तुम्ही इथे 'पहिल्यांदा घर घेणारे' नाही. लग्नानंतर जोडीदाराच्या नावावर घर असेल तरी दोघांनाही रिफंड नाही. एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं करसवलतीचं बचत खातं) आणि आरआरएसपी (निवृत्तीसाठीचं बचत खातं) यांतून घरासाठी पैसे काढायची अट मात्र निराळी आहे. तिथे मुख्यतः हे पाहतात की यंदा आणि आधीची चार वर्षं तुम्ही स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होतात का. आरआरएसपीतून प्रत्येकी ६०,००० पर्यंत काढता येतात. एफएचएसएची मर्यादा वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,०००. खातं उघडल्याशिवाय ती मर्यादा साचायला लागत नाही, म्हणून हातात पैसे नसले तरी दोघांनीही आजच उघडून ठेवा.

काँडोकडे वळलात तर सगळा खेळ स्टेटस सर्टिफिकेटचा, म्हणजे कॉर्पोरेशनची आर्थिक आणि कायदेशीर स्थिती सांगणाऱ्या कागदपत्रांचा आहे. किंमत करासकट १०० डॉलर, आणि कॉर्पोरेशनने ते १० दिवसांत द्यायचं असतं. वकील वाचेलच, पण स्वतःही वाचा. रिझर्व्ह फंड म्हणजे आपल्या सोसायटीचा सिंकिंग फंड, फक्त इथे कायदा त्याचा अभ्यास दर तीन वर्षांनी करायला लावतो. नुसती शिल्लक बघू नका. पुढच्या पाच वर्षांत कुठली मोठी कामं आहेत (गॅरेजचं वॉटरप्रूफिंग, खिडक्या, लिफ्ट), आणि त्या वर्षी फंड किती खाली जातो, ते बघा. फी वर्षानुवर्षं वाढलीच नसेल तर खूश होऊ नका, ती एकदम वाढेल किंवा स्पेशल असेसमेंट, म्हणजे सगळ्या मालकांकडून जादा वर्गणी, येईल. चालू खटले आणि विम्याचं डिडक्टिबलही (दाव्यातली विमा कंपनी न देणारी पहिली रक्कम) तपासा. तुमच्या वॉशिंग मशीनचं पाणी खालच्या मजल्यावर गेलं तर ते डिडक्टिबल तुमच्याकडून वसूल होऊ शकतं, म्हणून स्वतःच्या पॉलिसीत तेवढं कव्हर घ्या.

इमारत १९९५ ते २००७ मधली असेल तर सिंकखालचं कपाट उघडून पाइप बघा. नारिंगी आणि निळे, वर किटेक लिहिलेले असतील तर ते बदलावे लागणार; बऱ्याच ठिकाणी घराच्या आतला तो खर्च मालकावरच पडतो. ओट्यावरच्या हूडची हवा बाहेर जाते की गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच येते, तेही विचारा. आतच येत असेल तर मिरचीच्या फोडणीला स्मोक अलार्म ठरलेला.

मिल्टनच्या घरात आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार करा. तीन मजली टाउनहाउसमध्ये खाली गॅरेज, मधे स्वयंपाकघर, वर बेडरूम. रात्री पाणी प्यायलाही जिना. तळमजल्यावर खोली आणि बाथरूम असलेला आराखडा मिळतो, पण शोधावा लागतो. मधल्या घराचं छप्पर शेजाऱ्याच्या छपराला जोडलेलं असतं. त्याने नवं घातलं आणि तुम्ही नाही, तर गळती त्या जोडावर सुरू होते. इन्स्पेक्टरला ती रेघ मुद्दाम दाखवा. बेसमेंटमध्ये गटाराचं पाणी उलट आत येऊ न देणारा बॅकवॉटर व्हॉल्व्ह आहे का बघा आणि विम्यात सुअर बॅकअप (असं पाणी आत आलं तर त्याची भरपाई) वेगळा मागून घ्या, तो आपोआप नसतो. ऑफिस डाउनटाउनला असेल तर गो ट्रेनचं वेळापत्रक आधी उघडा: मिल्टन लाइन मुख्यतः कामाच्या दिवशी सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी परत धावते. दुपारी मुलाला शाळेतून आणायची वेळ आली की दुसरी कार लागते, आणि तिचा हप्ता व विमा वरच्या कुठल्याच हिशोबात नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही सोडून तिसरं बघा: मिसिसॉगातलंच २५-३० वर्षं जुनं काँडो टाउनहाउस किंवा जुन्या इमारतीतला हजार चौरस फुटांचा काँडो. चकचकीत नसतात, पण खोल्या मोठ्या असतात आणि रिझर्व्ह फंडाचा इतिहास कागदावर वाचता येतो. कुठलंही घ्या, ऑफरमध्ये फायनान्सिंग आणि इन्स्पेक्शनची अट घाला, आणि काँडो असेल तर स्टेटस सर्टिफिकेट वकिलाने तपासण्याची. 'दुसरी ऑफर आलीय, अटी काढा' असा फोन येईल. इन्स्पेक्शन ऑफरच्या आधीच करून ती अट एक वेळ सोडता येते. स्टेटस सर्टिफिकेटची अट, वकिलाने ते वाचलेलं नसताना, सोडू नका.