आई-बाबा डॉक्टर आहेत म्हणून…

सर्वात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर: नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, तुझं आडनाव कळत नाही. ७२० पैकी किती आणि रँक कितवी, एवढंच. बाबांची ओळख पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजात कितीही असो, प्रवेश काउन्सेलिंगमधूनच (रँकनुसार जागा वाटायची प्रक्रिया) होतो. मुलाखत असते ती एएफएमसीसारख्या (पुण्यातलं लष्कराचं मेडिकल कॉलेज) ठिकाणी, आणि तिथेही आधी नीटच लागते.

घरच्यांचा सल्ला ऐक, पण थोडा गाळून. त्यांच्या वेळी बारावीच्या मार्कांवर किंवा सीईटीवर प्रवेश व्हायचे. "आम्ही क्लास न लावता झालो" हे वाक्य प्रेमाने ऐकून सोडून द्यायचं. त्यांच्याकडून घ्यायचं ते वेगळं: बायोलॉजीतली अडलेली गोष्ट, आणि या कामाचा खरा दिवस कसा असतो ते. फक्त आईच्या क्लिनिकवरून ठरवू नकोस. एकदा ससून या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीची सकाळची रांग बघून ये.

सुरुवातीला सगळे चुकतात ते इथे:

- एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं अर्धवट ठेवून जाडजूड गाइडं विकत घेणं. (डॉक्टरांच्या घरी पैशांची अडचण नसते, म्हणून हे जास्तच.)
- चुकीच्या उत्तराला एक मार्क जातो हे विसरून ठोकत सुटणं.
- डोमिसाइल (राज्यातल्या रहिवासाचा दाखला) निकालानंतर काढायला धावणं. ते आत्ताच काढ. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी लागतं.

आणि "नाहीच झालं तर मॅनेजमेंट कोटा आहेच" असं घरात कोणी म्हणालं, तर फी किती हे आत्ताच मोकळेपणाने विचार. कॉलेजांचा पसंतीक्रम, प्रवेशाचे राउंड, डिग्रीनंतरच्या सरकारी सेवेचा बाँड हे सगळं निकालानंतर बोलू.