आश्रयार्थी मुलांसाठी वर्गणी: खातं कुणाचं, पावती कुणाची?

देणग्या आणि न्यासांच्या कारभाराबद्दल आलेल्या पत्रांपैकी या वेळी एकाच विषयाची घेतली आहेत: स्वतःचा देश सोडून इथे आश्रय मागणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी पैसे जमवणं.

कोंढव्यात आमच्या शेजारी एक अफगाण कुटुंब राहतं. दोन मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही वर्गणी काढतोय. सध्या सगळे माझ्या गूगल पेवर पैसे पाठवतात. चालेल ना?

नाही. तुमच्या प्रामाणिकपणावर माझी शंका नाही, पण तुमचा पगार आणि मुलांची फी एकाच खात्यात मिसळली की उद्या प्राप्तिकर खात्याला उत्तरं देताना तुमचीच दमछाक होईल. गणपतीच्या वर्गणीआधी मंडळं धर्मादाय आयुक्तालयाकडून पैसे गोळा करण्याची परवानगी (कलम ४१ क) काढतात, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतं. काम चांगलं असलं की मात्र परवानगी कशाला, असं वाटू लागतं! सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा तोच कायदा तुमच्या वर्गणीलाही लागू होतो.

सोपा मार्ग म्हणजे शिक्षणाचं काम करणारा नोंदणीकृत न्यास गाठा. खातं त्यांचं, पावती त्यांची, खर्चावर लक्ष तुमचं. न्यासाच्या उद्दिष्टांत हे काम बसतं का, ते आधी वाचून घ्या. देणगीवरची प्राप्तिकर सवलत (८०जी) हवी असणाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा: ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी तीत धरत नाहीत. सोसायटीच्या देखभाल निधीला कृपा करून हात लावू नका.

माझा भाचा न्यू जर्सीत आहे, त्याला मोठी रक्कम द्यायची आहे. (सहकारनगर)

त्याचा पासपोर्ट कुठला, ते विचारा. भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत येणार असतील, तर अडचण नाही. अमेरिकी असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असूनही ती परदेशी देणगी ठरते. मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या न्यासालाच ती घेता येते, तीही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात. ‘मामाच्या खात्यात टाकतो, तू पुढे दे’ हा उद्योग करू नका.

शाळा दाखला आणि आधार मागते. मग जमवलेल्या पैशांचं करायचं काय?

आधी पैसे बाजूला ठेवा, प्रवेशाचं बघा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांबद्दल बोलतो, त्यात नागरिकत्वाची अट नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे पडलं असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं, हेही त्यातच आहे. मुख्याध्यापक अडतात ते बहुतेकदा ऑनलाइन नोंदीच्या धास्तीने. तिथे भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. परदेशी विद्यार्थ्याची माहिती शाळेला पोलिसांच्या परकीय नागरिक नोंदणी विभागाला द्यावी लागते, याची कल्पना पालकांना आधीच द्या. नंतर कळलं की घाबरून मूल घरी बसवतात.

महापालिकेच्या शाळेत फी नसते. खरा खर्च दिसत नाही तिथे होतो: रिक्षाकाकांचे पैसे, बूट, डबा, चष्मा. आणि सगळ्यांत मोठा, भाषेचा. घरी दरी (अफगाणिस्तानातली फारसी) बोलणारं, उजवीकडून डावीकडे लिहायला शिकलेलं मूल एकदम देवनागरीसमोर बसतं, आणि राज्यात २०२० च्या कायद्याने शाळेत मराठी सक्तीची आहे. रोज तासभर शिकवणाऱ्या एखाद्या ताईंना वर्षभराचं मानधन द्या. दप्तरवाटपाचा फोटो छान येतो, पण दप्तर काही वाचायला शिकवत नाही.

कार्यक्रमात त्या मुलांना स्टेजवर बोलावलं तर देणगी वाढेल, असं समितीतल्या काहींचं म्हणणं आहे.

वाढेल. तरीही बोलावू नका. घरच्यांचा जीव ज्यांच्यापासून वाचवून ही माणसं आली, ते अजून तिथेच आहेत आणि मागे राहिलेले नातेवाईकही. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला फोटो कुठे थांबेल, ते समितीच्या हातात नाही. नाव, शाळा, गल्ली, काहीच सांगू नका. हिशोब मात्र पैशापैशाचा फलकावर लावा.

हे लोक इथे कायदेशीर आहेत का? आपण अडकणार नाही ना?

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. अफगाण कुटुंबांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते. तिचं कागदपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. म्हणून रोख रक्कम हातात देण्यापेक्षा शाळेला, दुकानदाराला, दवाखान्याला थेट पैसे द्या. घर भाड्याने देण्याचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी वकील गाठा.

आपल्या गरीब मुलांचं आधी बघा की! (सदाशिव पेठ)

बघा, जरूर बघा. पावतीपुस्तक त्यांच्यासाठीही छापता येतं. पण परक्या मुलांना आसरा देणं आपल्याकडे नवं नाही: १९४० च्या दशकात कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित राहिले, त्यांत मुलंही पुष्कळ होती.

कुटुंब कॅनडाला गेलं तर शिल्लक पैशांचं काय?

अशी कुटुंबं अचानक जातात, कधी तिमाही परीक्षेच्या आधीच. म्हणून पावतीवर एका मुलाचं नाव घालूच नका. ‘आश्रयार्थी कुटुंबांतील मुलांचे शिक्षण’ एवढं लिहा. मग शिल्लक पुढच्या मुलाला वापरता येते. नावाने गोळा केले असतील, तर देणगीदारांना लेखी विचारा आणि परत मागणाऱ्याला परत करा.