एडिटिंगचा डेस्कटॉप : आधी फुटेज सांगा, मग बजेट

एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, अशी पत्रं पुन्हा साठली आहेत. बहुतेक पत्रांत बजेट असतं, प्रोसेसरचं नाव असतं, मित्राने काय सांगितलं तेही असतं. एडिट नक्की काय करायचंय, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतोय.

प्रश्न : लग्नाची शूटिंग करतो. मॉनिटर सोडून ६० हजारांचं बजेट आहे. आय-५ घ्यावा की रायझन-५? मित्र म्हणतो, एडिटिंगला रायझनच. (बार्शी)

उत्तर : तुमचा मित्र कोणत्या कॅमेऱ्याचं फुटेज कापतो, ते त्याला विचारलंत का? तुमचा कॅमेरा कोणता आणि शूट कोणत्या सेटिंगवर करता, हे तुम्हीही लिहिलेलं नाही, आणि सगळं उत्तर त्यावरच ठरतं.

कॅमेरा किंवा मोबाईल व्हिडिओ साठवताना बहुतेक वेळा प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक चित्र, पूर्ण साठवत नाही. एखादी फ्रेम पूर्ण घेतो आणि पुढच्या फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो. फाइल त्यामुळे लहान होते. पण टाइमलाइनवर तुम्ही मध्येच कुठे थांबलात, की ती एक फ्रेम दाखवायला मशीनला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. व्हिडिओ आवळून साठवण्याच्या एच.२६४ या पद्धतीत हे काम जड, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या पद्धतीत त्याहून जड. त्यासाठी प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये किंवा ग्राफिक कार्डात वेगळी सोय असते. इंटेलमध्ये तिला क्विक सिंक म्हणतात. या सोयीला तुमचं फुटेज उलगडता आलं तर मध्यम प्रोसेसरवरही काम सुरळीत होतं. नाही आलं तर महागडा प्रोसेसरही अडखळतो.

लग्नाच्या कामात हल्ली १० बिट ४:२:२ एचईव्हीसी बरंच वापरतात. १० बिट म्हणजे ८ बिटपेक्षा रंगछटांच्या पायऱ्या जास्त (बिट डेप्थ), ४:२:२ म्हणजे ४:२:० पेक्षा रंगाची माहिती जास्त (क्रोमा सबसॅम्पलिंग). कॅनन आर-६ सारखे कॅमेरे ते देतात. इंटेलचा १२ व्या पिढीचा साधा आय-५-१२४०० आपल्या आतल्या ग्राफिक्सवर हे फुटेज उलगडतो. रायझन-५-५६००जी ते करत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेची कार्डंही करत नाहीत, ती सोय ५० मालिकेत आली. म्हणजे तुमचं फुटेज या जातीचं असेल तर मित्राचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. साधं ८ बिट ४:२:० असेल तर दोन्ही चालतील, स्वस्त पडेल ते घ्या.

एक खबरदारी. १२४०० घ्या, १२४००एफ नको. नावाच्या शेवटी एफ असला की आतलं ग्राफिक्स मिळत नाही. दुकानदार थोडे पैसे वाचवून देतो आणि ज्या सोयीसाठी इंटेल घेतला, नेमकी तीच जाते. सोनीवाल्यांनी आणखी एक पाहावं. एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एचईव्हीसी, पण एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४. १० बिट ४:२:२ एच.२६४ या आय-५ च्या आतल्या ग्राफिक्सलाही उलगडत नाही. तिथे प्रॉक्सी, म्हणजे कापण्यापुरती हलकी प्रत बनवून काम करा.

मीडियाइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो. त्यात तुमची क्लिप टाका आणि फॉरमॅट, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग या तीन ओळी उतरवून घ्या. एडिटिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती यानेही फरक पडतो. म्हणून तीन-चार मूळ क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि पैसे देण्याआधी दुकानातल्या मशीनवर, तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवायला सांगा. जो दाखवायला नकार देतो त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्न : ऑनलाइन ‘आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, एडिटिंग पीसी’ १८ हजारांत दिसतोय. घेऊ का? (नांदेड)

उत्तर : नको.

का, तेही सांगतो, कारण ही जाहिरात मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. आय-७ च्या पुढचा आकडा त्यांनी लिहिलाय का पाहा. या भावात तो बहुधा २६०० किंवा ३७७० निघतो. म्हणजे २०११-१२ चा प्रोसेसर, जुनी डीडीआर-३ रॅम आणि एच-६१ चिपसेटचा बोर्ड. २०२२ मध्ये आलेला साधा आय-३-१२१०० त्याच्या पुढे आहे. ४ जीबीचं कार्ड म्हणजे बहुतेक वेळा जीटी ७३०. ते २०१४ चं. त्यावरची मेमरी जीबीत भरपूर दिसते, पण असते मंद. त्याच्या केप्लर पिढीला, सुरक्षेचे अपडेट सोडले तर, नवे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवलं. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेल आठव्या पिढीपासून सुरू होतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जाहिरातीत लिहिलेला एकेक शब्द खरा असतो, म्हणूनच शिकणारी मुलं फसतात, आणि घरच्यांनी जमवलेले पैसे जातात याचा मला राग येतो.

हातात तेवढेच पैसे असतील तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं, ऑफिसमधून निघालेलं चांगल्या कंपनीचं मशीन बिल आणि वॉरंटीसह बघा. १०८०पी शिकायला ते पुरतं. मात्र अशा मशीनचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) आणि कॅबिनेट अनेकदा कंपनीच्या खास मापाचे असतात, पुढे कार्ड बसेलच असं नाही. घेण्याआधी तो मॉडेल नंबर एखाद्या जाणत्या असेंबलरला दाखवा.

प्रश्न : रॅम १६ की ३२?

उत्तर : १०८०पी ला १६, ४के ला ३२. एका मोठ्या स्टिकऐवजी सारख्या दोन घ्या.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर एडिटिंग स्मूथ होईल ना?

उत्तर : नाही. तो गेम खेळणाऱ्यांसाठी. आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा) आणि एसआरजीबी ही रंगांची नेहमीची श्रेणी पूर्ण दाखवणारा फुल एचडी मॉनिटर घ्या.

प्रश्न : दुकानदार कॅबिनेटसोबत ५०० वॉटचा एसएमपीएस फुकट देतोय. ब्रँडेडचे वेगळे पैसे कशाला? आणि सध्याच्या मशीनच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे नॉर्मल आहे असं तो म्हणतो. (कोपरगाव)

उत्तर : नॉर्मल नाही. याच गोष्टीवर लोकांनी आधी पैसे खर्च करावेत असं मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि नेमक्या याच गोष्टीवर पैसे वाचवले जातात. म्हणून सविस्तर लिहितो.

भिंतीतून २३० व्होल्ट येतात. एसएमपीएस त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून मशीनला देतो. प्रोसेसर, कार्ड, रॅम, डिस्क सगळे त्याच्यावर जगतात. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. आता त्या फुकटच्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १८ असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. वरती ५०० छापलेलं असलं तरी जिथे गरज आहे तिथे एवढेच. रेंडरला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवायला, लावल्यावर प्रोसेसर आणि कार्ड एकाच वेळी भार घेतात. मशीन मध्येच बंद पडतं आणि मालक विंडोजला दोष देतो, सॉफ्टवेअर पुन्हा टाकतो, रॅम बदलतो.

बंद पडणं त्यातल्या त्यात बरं. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज चढलं किंवा शॉर्ट झालं तर पुरवठा तोडायची सोय असते. हलक्यात ती नसते किंवा नावापुरती असते. काही वर्षांपूर्वी मी जुळवून दिलेल्या एका मशीनचा एसएमपीएस मालकाने परस्पर स्वस्तातला बसवून घेतला. तीन महिन्यांनी तो जळाला आणि जाताना बोर्ड आणि दोन्ही डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर दोन लग्नांचं न दिलेलं काम होतं. वधूच्या वडिलांसमोर तो मुलगा काय बोलला असेल याचा विचार मी आजही करतो. म्हणून सांगतो, एकूण खर्चातला आठ-दहा टक्के वाटा एसएमपीएसचा धरा. ८० प्लस ब्राँझ हे वीज किती वाया जाते याचं प्रमाणपत्र आहे, सुरक्षिततेचं नव्हे. म्हणून शिक्क्यासोबत नावाजलेली कंपनी आणि काही वर्षांची वॉरंटी दोन्ही बघा.

आता झिणझिण्यांकडे वळू. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून येणारा किरकोळ करंट अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर निम्म्या व्होल्टेजइतका ताण राहतो आणि तो तुमच्या बोटांना जाणवतो. म्हणजे तुमच्या सॉकेटचं तिसरं भोक बहुधा रिकामं आहे. त्याच मशीनला तुम्ही कॅमेरा, बाहेरची डिस्क, एचडीएमआयने टीव्ही जोडता. पोर्ट जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. आणि आत कुठे खरोखर फेज पत्र्याला लागली तर प्रश्न कॉम्प्युटरचा राहत नाही, माणसाच्या जिवाचा होतो.

परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि या आठवड्यातच बोलवा. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच दाखवतं का, हे त्याला मीटर लावून तपासू द्या, स्वतः करू नका. जुन्या घरांतला मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तोही बघायला सांगा. पाण्याच्या नळाला वायर बांधून अर्थिंग होत नाही. तीन पिनांची एक पिन तोडून दोनच्या सॉकेटात घालणं तर गुन्हाच मानतो मी.

यूपीएसही याच खात्यातला. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. मोठं कार्ड असलेल्या मशीनला आणि मॉनिटरला हजार-अकराशे व्हीएचा लागतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

प्रश्न : माइनिंगमध्ये वापरलेलं कार्ड स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

उत्तर : सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं माइनिंग (कार्डांवर गणितं चालवून चलन कमावणं) बंद झालं आणि अशी कार्डं बाजारात लोटली. सगळी वाईट नसतात, पण पंखा, थर्मल पेस्ट आणि मेमरी यांनी बराच मार खाल्लेला असतो. समोर अर्धा तास रेंडर लावून, तापमान बघून, माहितगार माणूस सोबत असेल तरच घ्या. आणि आधी हे ठरवा की कार्ड हवंय का. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रंगकाम करणाऱ्याला हवंच, ८ जीबी मेमरीचं असलं तर उत्तम. प्रीमियरमध्ये कट आणि टायटल एवढंच करणाऱ्याने पहिलं वर्ष कार्डाशिवाय काढलं तरी चालतं.

प्रश्न : २ टीबी एनव्हीएमई एसएसडी घेतल्याशिवाय ४के होत नाही, असं ऐकलंय. खरं का? (सावंतवाडी, रेसिपीचं चॅनेल)

उत्तर : ऐकीव आहे. एनव्हीएमई म्हणजे एसएसडीचा वेगवान प्रकार. गणित करा. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) ४के फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते. तेव्हा एका कॅमेऱ्याचं फुटेज तिच्यावरूनही चालतं. विंडोज, सॉफ्टवेअर, कॅश आणि चालू प्रोजेक्ट यांसाठी ५०० जीबी किंवा १ टीबीचा एनव्हीएमई घ्या, झालेलं काम हार्ड डिस्कवर हलवा. उरलेल्या पैशात दुसरी हार्ड डिस्क आणा.

आणि तुम्ही मोबाईलवर शूट करता ना? मोबाईल बहुधा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, स्थिर ठेवत नाही, म्हणून लांब क्लिपमध्ये आवाज पुढे-मागे सरकतो. तो दोष कॉम्प्युटरचा नाही. हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून फाइल बदलून घ्या.

प्रश्न : असेंबल करण्यापेक्षा मॅक मिनी बरा का? (म्हापसा)

उत्तर : काहींना खरोखर बरा. २०२४ च्या शेवटी ॲपलचा, एम-४ प्रोसेसरचा छोटा डेस्कटॉप मॅक मिनी १६ जीबी मेमरीसह आला. भारतात त्याची सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती. १० बिट ४:२:२ एचईव्हीसी तो सहज उलगडतो, वीज कमी खातो. पण मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि मूळ साठवण २५६ जीबीच, म्हणजे बाहेरची एसएसडी पहिल्याच दिवशी लागणार. तुमचे प्लगइन आणि अल्बमचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर हा विचार सोडा. ज्यांच्याबरोबर फाइलींची देवाणघेवाण करता, त्यांना विचारून मगच ठरवा.

प्रश्न : नवीन पिढीचे प्रोसेसर येताहेत म्हणे. थांबू का?

उत्तर : काम हातात असेल तर थांबू नका. ते नेहमीच येत असतात.

प्रश्न : जुन्या मशीनची हार्ड डिस्क दोन आठवड्यांपासून टकटक आवाज करतेय. नवा डेस्कटॉप दिवाळीनंतर घेणार आहे, तेव्हाच सगळा डेटा हलवला तर चालेल ना? (परभणी)

उत्तर : हे वाचत असताना ती डिस्क चालू असेल तर आधी मशीन बंद करा. टकटक म्हणजे बहुतेक वेळा वाचणारं डोकं जागा शोधत चाचपडतंय. प्रत्येक वेळी चालू केल्यावर प्लॅटरवर ओरखडे पडण्याची शक्यता वाढते, आणि ओरखडे पडलेला भाग कुणालाच परत आणता येत नाही. दोन आठवडे तुम्ही आधीच घालवलेत. इंटरनेटवरचं कोणतंही रिकव्हरी सॉफ्टवेअर त्यावर चालवू नका. फ्रीजरमध्ये ठेवून बघा सांगणाऱ्यांचं ऐकू नका. डिस्क उघडू तर मुळीच नका.

त्यावर दुसरी प्रत नसलेलं फुटेज असेल तर क्लीन रूमची सोय असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. तपासणीचे आणि कामाचे पैसे किती, डेटा न मिळाल्यास किती, हे डिस्क सोपवण्याआधी लेखी घ्या. दुसरी प्रत असेल तर डिस्क बाजूला ठेवा आणि नवी हार्ड डिस्क आजच आणा, त्यासाठी नव्या डेस्कटॉपची वाट पाहण्याची गरज नाही. ती जुन्या मशीनलाही लागते आणि नंतर नव्यातही बसते.