वाचकांचे प्रश्न : आठ आठवड्यांत डीबीटी?

प्रश्न : मी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथल्या एका समुपदेशन केंद्रात सुट्टीत आठ आठवड्यांची डीबीटीची (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे तीव्र भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी मानसोपचार पद्धत) इंटर्नशिप आहे. पहिल्याच आठवड्यात स्वतंत्रपणे तीन केसेस देणार आणि शेवटी 'डीबीटी थेरपिस्ट' असं प्रमाणपत्र. करावी का? – एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : शिकायला जा, पण केसेस घेऊ नका. त्या प्रमाणपत्राला चौकटीपुरतीच किंमत आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ही पद्धत बसवली ती सतत आत्महत्येच्या काठावर असणाऱ्यांसाठी. नवशिक्याने एकट्याने हात घालावा असं हे काम नाही. आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, साधारण दोन-अडीच तासांचा कौशल्यवर्ग, अडचणीच्या वेळी फोन आणि थेरपिस्टांची आपापसांतली साप्ताहिक बैठक, असे तिचे चार पाय. केंद्राला आधी या बैठकीबद्दल विचारा. 'गरज पडली तर बसतो' असं उत्तर आलं, तर तिथे डीबीटीतली काही कौशल्यं शिकवत असतील, डीबीटी नाही.

कौशल्यांची एक फेरी २४ आठवड्यांची, आणि बहुधा ती दोनदा होते. तुमच्या आठ आठवड्यांत सजगतेचे दोन आणि संकट सोसण्याचे सहा वर्ग बसतील. भावना सांभाळणं आणि नात्यांत आपलं म्हणणं मांडणं हे दोन्ही भाग राहूनच जातील. तरीही वर्गात दोन प्रशिक्षकांच्या जोडीला तिसरं म्हणून बसायला मिळत असेल, तर जरूर जा.

जाण्याआधी पंधरा दिवस स्वतःचं डायरी कार्ड भरा : रोज रात्री प्रत्येक भावनेला शून्य ते पाच गुण आणि कोणतं कौशल्य वापरलं त्याची नोंद. तीन दिवस विसरून चौथ्या दिवशी सगळे आकडे अंदाजाने ठोकून द्याल, तेव्हा रुग्णाचं कार्ड कोरं का येतं ते कळेल. कोरं कार्ड आलं की रागवायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. सत्राच्या सुरुवातीलाच बसून ते भरून घेतात.

खरं शिक्षण घटनेची साखळी मांडण्यात आहे. समजा, मिरजेच्या होस्टेलवरच्या मुलीने गुरुवारी रात्री स्वतःला इजा केली. आदल्या रात्रीची झोप, चुकलेलं जेवण, नेमका कोणता मेसेज आला, मग कोणता विचार, शरीरात काय झालं, कोणती भावना, कृती, आणि त्यानंतर लगेच काय मिळालं, काय गमावलं, अशी एकेक कडी लिहायची. नवशिके इथेच चुकतात. 'का केलंस?' विचारलं की पुढची व्यक्ती बचावाला लागते. 'मग काय झालं?' एवढंच विचारा. आणि 'टेन्शन आलं' ही कडी मानू नका. आपल्याकडे राग, लाज, भीती, मत्सर सगळं त्या एका शब्दात मावतं. छातीत धडधडलं की कान तापले, कुणाला तोंड दाखवू नये असं वाटलं की समोरच्याला सुनवावं असं, हे विचारल्याशिवाय कोणतं कौशल्य शिकवायचं ते ठरत नाही.

अनावर भावना ओसरवण्यासाठीचा गार पाण्याचा उपाय मात्र उत्साहाने वाटत सुटू नका. खाली वाकून, श्वास रोखून चेहरा अर्धा मिनिट गार पाण्यात धरला की हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणूनच हृदयविकार किंवा खाण्याचा विकार असलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सांगत नाहीत.

प्रश्न : मुलगी कराडला अशीच इंटर्नशिप करते. रात्री अकराला रुग्णांचे फोन येतात. हे बरोबर आहे का? – एक पालक, सातारा

उत्तर : नाही. फोन हा उपचाराचाच भाग आहे, पण तो थेरपिस्टने घ्यायचा. तो थोडक्यात असतो : आत्ता कोणतं कौशल्य वापरायचं, एवढंच. इजा करून घेतल्यावर पुढचे २४ तास असा फोन नसतो, जिवाला धोका असेल तर अपवाद. मदत मागायची ती इजेच्या आधी, हे त्यातून शिकवायचं असतं. ही मर्यादा सांभाळणं इंटर्नला झेपणारं नाही.

मुलीचा खासगी नंबर रुग्णांकडे असूच नये. आता गेलाच असेल, तर फोन नुसते बंद करू नका. पर्यवेक्षकांनी स्वतः रुग्णांना कळवून आपला नंबर द्यावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे आणि चोवीस तास चालतो, जिवावरचं असेल तर ११२. आणि मुलगी रुग्णांची डायरी कार्डं घरी आणत असेल, तर तेही थांबवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. एसटीत मांडीवर उघडलेलं कार्ड शेजारचाही वाचतो.