बरणीत गोट्या किती मावतील?

प्रश्न : एकसारख्या गोट्या बरणीत ओतून कितीही हलवल्या तरी बरीच जागा उरते. असं का?

उत्तर : नुसत्या ओतल्या तर गोट्या साधारण ६० टक्के जागा व्यापतात, ठोकून हलवल्यावर ६४च्या आसपास अडकतात. नीट रचना लागायला अनेक गोट्यांनी एकदम सरकायला हवं, ते होत नाही. नीट रचल्या तर गोट्या कमाल ७४.०५ टक्के जागा व्यापू शकतात. खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा १६११चा हा अंदाज गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये सिद्ध केला, काय चिकाटी! तेवढं हवं तर हातानेच रचा. तळाच्या थरात मधल्या प्रत्येक गोटीला सहा गोट्या टेकू द्या. पुढचा थर खळग्यांत ठेवा, पण एकाआड एकाच खळग्यात गोटी बसते. तळाशी फट राहिली तर वरचे थर बिघडतात. भिंतीलगत पोकळी राहतेच, म्हणून लहान बरणीत ७४ गाठता येत नाही.